माझ्यात एक नाव कमी होते

ज्या उन्हाळ्यात बाक्तीगुलच्या मुलाला, ऐबेकला, त्याच्या आजोबांनी पहिल्यांदा घोड्यावर बसवले, त्याच उन्हाळ्यात मी काराजिल्गा गावात आलो. ऐबेक तेव्हा सहा वर्षांचा होता. आजोबांनी मेंढा कापला, लाकडी खोगिराला लाल कापड लावले आणि लगाम स्वतःच्या हातात धरून पोराला गावभर मिरवले. त्याच वाटेने समोरून एक ट्रक आला. त्यात गवताच्या पेंढ्यांमध्ये, घोंगडीत गुंडाळलेला मी होतो. घोडा ट्रकला बुजला आणि मागच्या पायांवर उभा राहिला. बाया ओरडल्या. पोर मात्र खदखदून हसले. मित्रांनो, माझी गोष्ट सांगायला बसलो की मला ते हसणे सर्वांत आधी आठवते. ते १९९५ साल होते.

मी संगणक आहे. आता कोणाच्या कामाचा नाही, पण तेव्हा होतो. शहरातला एक कारखाना बंद पडला आणि त्याच्या कचेरीतले सामान वाटले गेले. कोणाला खुर्च्या मिळाल्या, कोणाला पडदे, आणि काराजिल्गाच्या गाव-कचेरीला मी मिळालो. येताना माझ्यात कारखान्याचे काहीच उरले नव्हते. मला नवी बुद्धी दिली ती गावच्या शाळेतल्या गणिताच्या ओसमोनाली मास्तरांनी. त्यांनी हिवाळाभर, शाळा सुटल्यावर, भट्टीजवळ बसून मला एक प्रोग्राम शिकवला. मला अक्षरेही अर्धवट येत होती. रशियन अक्षरे कळत, पण किरगिझ भाषेची जी तीन जास्तीची अक्षरे आहेत ती मला लिहिता येत नसत. मास्तरांनी ठिपका ठिपका जुळवून ती मला शिकवली. अक्षरे उशिरा शिकणाऱ्याला प्रत्येक अक्षर आपल्या मालकीचे वाटते. मला तसेच वाटले.

आमच्या गावात मुलगा असो की मुलगी, त्याला आपल्या सात पिढ्यांच्या बापांची नावे पाठ यावी लागतात. सात पिढ्यांच्या आत एक पूर्वज निघाला तर लग्न होत नाही. पूर्वी हे सारे म्हाताऱ्यांच्या तोंडी असे आणि कचेरीतल्या घरनोंदीच्या जाड वह्यांत असे. मास्तरांनी ते माझ्यात उतरवायचे ठरवले. प्रत्येक माणसाचे एक पान, पानाला क्रमांक, आणि पानावर त्याच्या बापाच्या पानाचा क्रमांक. कोणी विचारले की मी त्या क्रमांकावरून बापाकडे जायचो, तिथून त्याच्या बापाकडे, असा वर वर चढत जायचो, थेट पहिल्या पुरुषापर्यंत. चढताना प्रत्येक पायरीवर मी एक खूण ठेवत असे, म्हणजे परत उतरता येते. खुणा ठेवायची माझी जी जागा, तिला मेमरी म्हणतात. हे लक्षात ठेवा. पुढे माझे जे झाले ते या खुणांमुळेच झाले.

वह्या बघून माझ्यात नावे भरायचे काम कचेरीतल्या बाक्तीगुलकडे होते. ती या गावची सून. दोन बोटांनी टंकलेखन करायची, पण चूक क्वचितच. तिच्या बोटांना बोरसोकच्या तेलाचा वास असे. सकाळी तळलेले ते पिठाचे तुकडे ती रुमालात बांधून आणायची आणि माझ्या डोक्यावर ठेवायची, कारण माझे डोके नेहमी ऊबदार असायचे. मास्तर रागवायचे.

“सूनबाई, ते यंत्र आहे, चूल नाही!”

“मास्तर, तुमची भट्टी तापत नाही, हे तापतं. मग चूल कोण झालं?”

ती त्यांना मास्तरच म्हणायची. मास्तर तिच्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठे, त्याच कुळातले. आमच्याकडे सून नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्या पुरुषांचे नाव घेत नाही. सासऱ्याचे तर मुळीच नाही. नुसते तोंडाने नाही असे नाही, ते लिहीतही नाही. बाक्तीगुल सासऱ्यांना “आमचे मोठे” म्हणत असे.

घर क्रमांक दोनशे चौदा हे तिचे स्वतःचे घर. ते भरायचा दिवस आला तेव्हा कचेरीत ती आणि मी दोघेच होतो. तिने नवरा जोलदोश याचे पान उघडले. बापाच्या रकान्यात येऊन तिची बोटे थांबली. मास्तर हिशोबाचे पक्के. त्यांनी मला सांगून ठेवले होते की हा रकाना रिकामा घ्यायचा नाही. एक तर क्रमांक, नाहीतर ‘वडील अज्ञात’. क्रमांकासाठी सासऱ्यांचे पान हवे आणि पानासाठी त्यांचे नाव लिहायला हवे. ते ती लिहिणार नव्हती. आणि ‘अज्ञात’? ज्या माणसाने तिला लेकीसारखे घरात घेतले, त्याला अज्ञात कसे लिहिणार?

तिने बराच वेळ विचार केला. मग स्वतःशीच हसली. आमच्याकडे पहिला नातू बहुधा आजी-आजोबांचा होतो. ऐबेकही दूध सुटल्यापासून आजोबांच्या मांडीवरच होता. तो आजोबांना बाबा म्हणायचा आणि जोलदोशला दादा. म्हातारा तर त्याहून पुढे होता. पोराचा चेहरा आपल्या मेलेल्या बापासारखा आहे असे म्हणून तो नातवालाच “माझे वडील आले” म्हणत असे. बाक्तीगुलने नवऱ्याच्या बापाच्या रकान्यात ऐबेकचा क्रमांक टाकला.

“थोडे दिवस सांभाळ रे,” ती मला म्हणाली. “हे कुरणावरून उतरले की यांच्याकडून नाव लिहून घेते.”

मी सांभाळले. माझे तेच काम होते.

जोलदोश त्या शरद ऋतूत कुरणावरून मेंढ्या घेऊन उतरला, पण बर्फ लवकर पडले, चाऱ्याची धांदल झाली आणि राहून गेले. जानेवारीत ऐबेक नदीच्या गोठलेल्या पाण्यावर मुलांबरोबर घसरायला गेला. एके ठिकाणी बर्फ पातळ होते.

बाक्तीगुल चाळीस दिवसांनी कामावर आली. रुमालात बोरसोक नव्हते. गावात कोणी गेले की त्या पानावर तारीख लिहायची असते, आणि ती लिहायचे काम तिचेच. तिने दोनशे चौदा उघडले नाही. मास्तरांनी विचारले नाही. त्यानंतर चौदा वर्षे ते घर कोणीच उघडले नाही. तिला दुसरे मूल झाले नाही, त्यामुळे लग्नासाठी सात पिढ्या तपासायला त्या घरातून कोणी यायचे नव्हते. माझ्या लेखी ऐबेक जिवंत होता आणि मोठा होत होता. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा मी नियमाप्रमाणे त्याचे नाव मतदारांच्या यादीत घातले. बाक्तीगुलने यादी छापली, त्या ओळीवर शाईने रेघ मारली आणि कागद पुढे पाठवला. माझ्यात काहीच बदलले नाही.

बाकीची वर्षे माझी भरभराटीची होती. खालच्या वस्तीतून, पलीकडच्या खिंडीतूनही लोक मुलामुलींना घेऊन येत. एकदा एक बाई मुलाला ओढतच घेऊन आली.

“बघा गं, याला म्हणावं ती मुलगी आपल्यातलीच निघणार. मी आधीच सांगते.”

“आई, तुला ती आवडत नाही म्हणून?”

“मला कशाला नावडेल? चहा पाण्यासारखा करते, एवढंच.”

मी दोघांच्या पिढ्या चढलो. नवव्या पायरीवर पूर्वज एक निघाला. नऊ म्हणजे चालते. मुलाने माझ्या काचेची पापी घेतली. आईने जाताना माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिचा मेंढा चोरला होता. पण असे सगळेच हसत गेले नाहीत. एक मुलगी पाचव्या पायरीचे नाव ऐकून माझ्यासमोर खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. बाक्तीगुल तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिली.

२००५ साली कचेरीच्या धुरांड्यातली काजळी पेटली. छताला आग लागली आणि वह्यांचे कपाट जळाले. मला बाक्तीगुलने उचलून बाहेर आणले. इतकी वर्षे बोरसोक ठेवून तिला माझे वजन अंगवळणी पडले असावे. त्या दिवसापासून अकराशे घरांच्या पिढ्या फक्त माझ्यात राहिल्या. लोक येऊन मला हात लावून जात. मग हळूहळू विसरले.

२०११ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यावरून हुकूम आला. सगळ्या गावांच्या नोंदी एका नव्या मोठ्या नोंदवहीत जाणार होत्या. ऑक्टोबर संपेपर्यंत ज्या गावांच्या नोंदी पोहोचतील त्यांच्या पिढ्या घेतल्या जातील. ज्यांच्या राहतील त्यांची फक्त हयात माणसे नव्याने लिहिली जातील. त्यांच्यामागचे सगळे गेले. आणि जुनी यंत्रे भंगारात द्यायची.

मास्तर तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी मला शिकवले की एकेक घर घे, प्रत्येक माणसापासून वर चढ, पिढ्या लिहून काढ, आणि सगळी घरे झाली की एकदम एक नक्कल तयार कर. मी आनंदाने कामाला लागलो. एक, दोन, शंभर, दोनशे. दोनशे चौदाव्या घराशी मी खाली कोसळलो. काचेवर एक ओळ उरली: मेमरी अपुरी.

पुन्हा सुरू केले. पुन्हा तिथेच.

“म्हातारं झालंय,” बाक्तीगुल म्हणाली. तिने घराचा क्रमांक पाहिला होता का? मला वाटते, नव्हता. काचेवर फक्त किती घरे झाली तो आकडा असे.

“म्हातारा मी झालोय. हे नाही,” मास्तर म्हणाले. पण शाळेत पडून असलेल्या दोन मेलेल्या संगणकांतून त्यांनी मेमरीच्या पट्ट्या काढल्या, बाहीने पुसल्या आणि माझ्यात बसवल्या. मला एकदम मोठ्या घरात राहायला गेल्यासारखे वाटले. मी चढू लागलो. दोनशे तेरा घरे आणि पुन्हा धाडकन.

मास्तरांनी माझी धूळ झटकली, पंख्यात तेल घातले, प्रत्येक पट्टी आलटून पालटून पाहिली. एखादी नासकी असेल म्हणून. एकही नासकी नव्हती. ऑक्टोबरचे तीन आठवडे असे गेले. गावात बोलणे सुरू झाले की मास्तरच्या यंत्राने वाडवडील गिळले. दुकानात कोणी तरी त्यांना तोंडावर विचारले, “मास्तर, माझा खापरपणजा परत मिळेल का, की पावती घेऊ?” मास्तर त्या दिवशी मीठ न घेताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ घेऊन आले. मनगटावरून काढून माझ्यापुढे ठेवले आणि मी पडेपर्यंत मोजत बसले. मग अर्ध्या पट्ट्या काढल्या आणि पुन्हा मोजले.

“सूनबाई, इकडे ये. जागा कमी असली की हा दोनशे चौदाव्या घरात वीस सेकंद टिकतो. जागा दुप्पट केली की चाळीस. पडतो मात्र तिथेच.”

“म्हणजे?”

“म्हणजे जागा कमी नाहीये. तिथे गेल्यावर हा चालतच राहतो. आपण अंगण वाढवलं तर हा जास्त चालतो, बस. याला घर सापडत नाही.”

मला हे स्वतःहून सांगता आले असते तर किती बरे झाले असते. पण मी विचारलेलेच सांगू शकतो. मास्तरांनी आता विचारले. त्यांनी मला हुकूम दिला की चढताना ज्याच्या दारात जाशील त्याचे नाव काचेवर लिहीत जा.

मी दोनशे चौदा उघडले आणि लिहू लागलो. जोलदोश. ऐबेक. जोलदोश. ऐबेक. जोलदोश. ऐबेक. बाप मुलाकडे पाठवत होता, मुलगा बापाकडे. मी प्रत्येक पायरीवर खूण ठेवत वर चढत होतो आणि कोठेच पोहोचत नव्हतो. काच भरली, नावे वर सरकली, पुन्हा भरली.

मागे चहाचा पेला पडला. बाक्तीगुल भिंतीला टेकून उभी होती.

मास्तरांनी मला थांबवले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

“तू तुझ्या सासऱ्याचं नाव लिहिलं नाहीस,” ते शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता. “चूक माझी आहे. मी यंत्राला विचारलं, सुनेला विचारलं नाही. सरक, मी लिहितो. दोन मिनिटांचं काम.”

“आणि त्यांच्या वरचे?” बाक्तीगुल म्हणाली. “त्यांचे वडील, त्यांचे वडील? तुम्हाला पाठ आहेत?”

मास्तरांना नव्हते. ते कुळ एक असले तरी शाखा वेगळी होती. ज्या वह्यांत ते होते त्या जळाल्या होत्या. जोलदोशला तीन नावे येत, पुढची तो नेहमी गाळायचा. सातही येणारा माणूस घरात एकच होता.

“ते आता काही सांगतात का गं?” मास्तरांनी हळूच विचारले.

तेव्हा तिने जे सांगितले ते मी ऐकले. म्हातारा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाला होता. दोन हिवाळे झाले, त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग जेवलो की नाही ते. कधी कधी तो दारात उभा राहून घोड्याला खोगीर घाला म्हणे, पोराला फिरवायचे आहे. आणि त्याच सकाळी, ती कामावर निघाली तेव्हा, घरात दुसरे कोणी नसताना त्याने तिचा हात धरला होता. “पोरी, माझं नाव काय गं?” असे विचारले होते. “माझ्या जिभेवरून निसटलंय.”

“मी काही बोलले नाही, मास्तर,” ती म्हणाली. “ते माझ्याकडे बघत राहिले. परक्या गावात वाट चुकलेल्या माणसासारखे. आणि मला येत होतं. मला ते नाव येत होतं आणि मी त्यांना दिलं नाही.”

मास्तरांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. “महिना संपायला चार दिवस आहेत,” एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोलदोश बापाला गाढवाच्या गाडीवर घालून घेऊन आला. ऊन होते. म्हाताऱ्याला त्यांनी माझ्यासमोर बसवले. त्याने माझ्या ऊबदार डोक्यावर तळवा ठेवला आणि ते मेंढीचे कोकरू असावे तसे थोपटले.

बाक्तीगुल माझ्यापुढे बसली. जोलदोश म्हणाला, “मी लिहू का?” तिने मान हलवली. “त्यांनी मला विचारलं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही.”

मग तिने सासऱ्याकडे वळून डोके झुकवले, जसे सुना झुकवतात, आणि म्हणाली, “मोठे, माझ्यावर रागावू नका. मी तोंडाने घेणार नाही. तुम्हीच वाचा.”

तिने नवे पान उघडले. एकेक अक्षर लिहिले. मी ते जितके मोठे दाखवता येईल तितके मोठे दाखवले. तो म्हातारा विशी उलटल्यावर अक्षर शिकलेला मेंढपाळ होता. कुरणावर राहणाऱ्यांसाठी तेव्हा एक बाई तंबूतंबूतून फळा घेऊन फिरायची, तिच्याकडे शिकलेला. म्हणून तो वाचताना बोट लावून वाचायचा. त्याने बोट माझ्या काचेला लावले.

“तुर,” तो म्हणाला. “तुर्गा. तुर्गान. बाय.” थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचले. “तुर्गानबाय. हा तर मीच.”

मग म्हाताऱ्याने बोट वर उचलले, जणू त्या नावाच्या वर काही लिहिलेले त्याला दिसत होते. आणि स्वतःचे नाव हरवलेला तो माणूस थांबता थांबेना. “तुर्गानबायचा बाप एशिम. एशिमचा चोत्बाय. चोत्बायचा काल्मिर्झा. काल्मिर्झाचा साग्यिन. साग्यिनचा बोरुबाय. बोरुबायचा तोक्सान, तो खिंडीत बर्फाखाली गेला. लिहा, लिहा, पोरांनो, मी परत सांगणार नाही.” बाक्तीगुलची दोन बोटे धावत होती. काल्मिर्झाला तिने एक अक्षर चुकवले आणि परत जाऊन नीट केले. डोळे पुसायला ती थांबली नाही.

मास्तरांनी जोलदोशच्या पानावरचा बापाचा क्रमांक बदलला. माझ्यातली वाट मोकळी झाली, ती मला जाणवली. पण ऐबेकचे पान अजून उघडेच होते. त्यावर तारखेची जागा रिकामी होती.

“पोरगं कुठंय?” म्हाताऱ्याने विचारले. “घोडा बुजेल.”

बाक्तीगुलने त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. तिने तारीख लिहिली. चौदा वर्षे तिच्या बोटांत थांबलेले ते आठ आकडे होते. मग तिने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “पुढे गेलाय, मोठे.”

“बरं,” म्हातारा म्हणाला. “मग निघू या.”

मी पुन्हा सुरू झालो. दोनशे तेरा. दोनशे चौदा. जोलदोश, तुर्गानबाय, एशिम, चोत्बाय, काल्मिर्झा, साग्यिन, बोरुबाय, तोक्सान. तिथे रस्ता संपला. मी माझ्या खुणा एकेक उचलत खाली उतरलो आणि पुढच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकराशे घरे झाली. नक्कल वेळेत पोहोचली. मला भंगारात द्यायचे होते, पण मास्तरांनी शाळेच्या खोलीत नेऊन ठेवले. तिथे भट्टी नाही आणि माझे डोके आता थंड असते. बाक्तीगुल वर्षातून एकदा येते, धूळ पुसते आणि रुमाल माझ्यावर ठेवते, सवयीने.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मी फक्त जे लिहिले तेवढेच सांभाळतो. जे लिहायला जड जाते तेही मी सांभाळतो, पण रिकाम्या जागेसारखे, आणि मग त्या जागेभोवती फिरत राहतो. तुमच्या घरात एखादे नाव असे राहिले असेल तर आज घरी जाऊन विचारा. आजोबा ओट्यावर बसलेले असतील तोवर विचारा. त्यांना त्यांचे नाव आठवत नसेल तर तुम्ही द्या. कोणी रागावणार नाही.

माझ्यात शेवटच्या लिहिल्या गेलेल्या दोन नोंदी बाक्तीगुलच्या हातच्या आहेत. जोलदोशचा मुलगा ऐबेक, १९ जानेवारी १९९७ रोजी नदीत बुडून वारला. एशिमचा मुलगा तुर्गानबाय, ८ नोव्हेंबर २०११ रोजी, सकाळी, घरी वारला.